उजेड कडक झाला की जेवायचं

फोटोग्राफीच्या कुठल्याही पुस्तकात उजेडावर एक प्रकरण असतंच. सूर्य उगवल्यानंतरचा तासभर आणि मावळण्याआधीचा तासभर, एवढाच उजेड कामाचा. मधल्या वेळात सूर्य डोक्यावर येतो, सावल्या आखडतात, माणसांच्या डोळ्यांच्या खोबणीत अंधार साठतो आणि देवळाचा काळा दगडही पांढराफटक दिसायला लागतो. हे सगळं पुस्तकात नीट समजावून दिलेलं असतं. पण त्या मधल्या आठ-नऊ तासांत फोटो काढणाऱ्याने करायचं काय, याबद्दल एक ओळ नसते. ही पुस्तकं बहुतेक उत्तरेकडच्या थंड देशांत लिहिली जातात. तिकडे हिवाळ्यात सूर्य दिवसभर क्षितिजाच्या आसपासच रेंगाळतो, त्यामुळे उजेड कडक होण्याचा प्रश्नच येत नाही आणि माणूस दिवसभर उपाशीपोटी फोटो काढू शकतो. आपल्याकडे नऊ वाजले की खेळ खलास.

तर त्या वेळात काय करायचं ते मी सांगतो. खायचं.

यात आळस नाही, वेळापत्रक आहे. सूर्योदयाचे फोटो आटोपून तिपाई मिटेपर्यंत साडेआठ होतात आणि नेमका तेव्हाच मिसळवाल्याचा पहिला कट उकळून तयार असतो. साडेबाराला उजेड सर्वांत वाईट आणि खानावळी सर्वांत चांगल्या. चारला उजेड जरा माणसात येऊ लागतो, तेव्हा भजी तळायला पडतात. ती संपवून, हाताचं तेल रुमालाला पुसून, कॅमेऱ्याला हात लावेपर्यंत संध्याकाळचा सोनेरी तास सुरू होतो. निसर्ग आणि महाराष्ट्रातले हॉटेलवाले कधीतरी एकत्र बसले असावेत, असा मला दाट संशय आहे.

अर्थात ही चैन हौशी माणसालाच परवडते. धंदेवाईक फोटोग्राफर लग्नात मरमर मरतो आणि त्याला शेवटच्या पंगतीला बसवतात, तेही जिलबी संपल्यावर. आम्ही पहिल्या पंगतीचे. फरक एवढाच की त्याला पैसे मिळतात आणि आमचे जातात. ‘छंदाला मोल नसतं’ असं म्हणणाऱ्याने कधी छंद केलेला नसावा. माझ्या छंदाला मोल आहे, पावती आहे आणि बारा महिन्यांचा बिनव्याजी हप्ताही आहे. त्या हप्त्यात प्रक्रिया शुल्क म्हणून जे कापलं ते घरी अजून सांगितलेलं नाही.

घरी सांगायच्या गोष्टींत कोरड्या कपाटाचा नंबर पहिला. मराठी माणसाचा कॅमेरा पावसाळ्यात आजारी पडतो. हवा दमट झाली की भिंगाच्या आतल्या बाजूला बुरशी धरते, बारीक पांढरे धागे पसरतात आणि हळूहळू काचेवरचा लेप खातात. यावर उपाय म्हणजे विजेवर चालणारं, काचेच्या दाराचं, आतली आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांवर धरून ठेवणारं एक लहान कपाट. ते दिवाणखान्यात आलं तेव्हा श्रावण लागला होता. गॅलरीत तीन दिवसांचे ओले कपडे लोंबत होते, मीठ बरणीत घट्ट बसलं होतं, आणि घरात कोरडी अशी एकच जागा होती, तिच्यात माझी दोन भिंगं निळ्या दिव्याखाली आराम करत होती.

बायको बराच वेळ त्या काचेतून आत बघत होती.

“अहो, यात हवा कायम कोरडीच असते?”

“कायम. पंचेचाळीस टक्के.”

“वीज किती खातं?”

“अगदीच कमी. झिरोच्या बल्बइतकी.”

तिने मान डोलावली. मला वाटलं, चला, पटलं. गणपती येईपर्यंत खालच्या कप्प्यात उडदाचे पापड होते, मधल्या कप्प्यात कुरडया आणि मिरगुंडं, आणि लांब पल्ल्याचं भिंग सगळ्यांत वर, जरा अंग चोरून. मी कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, “तुमचं काचेचं आहे, त्याला काय होतंय? पापड खायचे आहेत.” यावर कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तिकेत उत्तर नाही. पुढे एकदा भिंगाची कडी घट्ट फिरायला लागली म्हणून दुरुस्तीला नेलं. दुरुस्तीवाल्याने ते उघडलं, डोळ्याला दुर्बीण लावून पाहिलं, बोटाने कडेची पांढरी भुकटी टिपली, हुंगली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, “बुरशी नाही साहेब. पापडखार आहे.”

पापड मात्र त्या वर्षी मार्गशीर्षापर्यंत खुटखुटीत राहिले, हे कबूल केलं पाहिजे.

फोटो सांभाळण्याचंही असंच. जाणकार सांगतात की प्रत्येक फोटोच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. एक फोटो पंचवीस-तीस एमबीचा, एका सकाळी चारपाचशे फोटो, म्हणजे डिस्कवर डिस्क. घराबाहेरची प्रत कुठे ठेवायची हा प्रश्न मी कराडला सासुरवाडीत सोडवला. तिथे लोणच्याच्या बरण्यांच्या फडताळात, वरच्या फळीवर, माझी डिस्क कापडात गुंडाळून ठेवलेली असते. दसऱ्याला सासूबाई घरातली विळी, कोयता, शिलाई मशीन आणि मेव्हण्यांच्या गाडीची किल्ली यांच्या रांगेत तीही मांडतात, तिला हळदकुंकू लावतात आणि वर झेंडूचं फूल ठेवतात. तिच्या जोडणीच्या फटीत हळद गेलेली आहे, तरी ती डिस्क आजवर एकदाही बंद पडलेली नाही. बाकीच्या दोन पडल्या. हातात येणारा पुरावा मी नुसता मांडतो.

मेव्हण्यांची ओळख करून द्यायला हवी, कारण माझ्या सगळ्या प्रवासांत गाडी त्यांची असते. ते स्वतः फोटो काढत नाहीत, काढलेले पाहत नाहीत आणि कुठलं ठिकाण कसं आहे याचं वर्णन तिथे काय मिळतं यावरून करतात. सातारा म्हणजे कंदी पेढे, सोलापूर म्हणजे शेंगाचटणी आणि कडक भाकरी. वेरूळला जाऊन आले तेव्हा मी कैलास लेणं कसं वाटलं असं विचारलं. “लेणं मोठं आहे,” म्हणाले, “पण आसपास धड चहा नाही.”

त्यांना कासला नेलं तेव्हा माझ्या वेळापत्रकाची पहिल्यांदा परीक्षा झाली. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीस-एक किलोमीटरवर हे पठार. उंची बाराशे मीटरच्या आसपास. खाली जांभा खडक, वर मातीचा पातळसा थर, त्यामुळे मोठी झाडं धरत नाहीत आणि पावसाळा ओसरताना नुसती फुलं उठतात. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, गेंद, मिकी माउसच्या तोंडाचा पिवळा कवळा. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यांत कास आहे. आता तिथे आधी नाव नोंदवून जावं लागतं, ठरलेल्या वाटेवरूनच चालावं लागतं आणि वाटेबाहेर पाऊल पडलं की वनसमितीची माणसं शिट्टी मारतात.

मला हवी होती ती दवबिंदू नावाची वनस्पती. ही किडे खाते. आकार एवढा की रुपयाचं नाणं तिच्यावर ठेवलं तर ती सापडणार नाही. पानाच्या कडेने लालसर केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकावर एक चिकट, चकचकीत थेंब. उन्हात तो दवासारखा दिसतो, पण दव उन्हाने वाळतं आणि हा वाळत नाही. चिलट येतं, थेंबाला मध समजून बसतं, पाय अडकतात. जितकं धडपडतं तितके आणखी केस त्याच्याकडे वळतात. मग पान सावकाश आत वळू लागतं. जांभ्यावरच्या मातीत नत्र कमी म्हणून ही सगळी खटपट. माझ्या भिंगातून ते बघताना एका केसाच्या टोकावर अडकलेलं चिलट दिसलं, आणि त्याच्या वरच्या थेंबात सगळं आभाळ उलटं.

हे टिपायला वाटेच्या कडेलाच पोटावर झोपावं लागतं. मी झोपलो. फुलं बघत आलेले पर्यटक थांबले. जमिनीवर पडलेल्या माणसाभोवती आपल्याकडे गर्दी जमायला दोन मिनिटं पुरतात.

“काय झालं?”

“चक्कर आली असंल. कांदा हुंगवा.”

“चावी पडलीय वाटतं.”

मेव्हणे गर्दीला शांतपणे सांगत होते, “काही नाही, दाजी आहेत आमचे. उठतील थोड्या वेळाने.” शिट्टीवाला आला, माझे पाय वाटेच्या आत आहेत का ते त्याने नीट मोजून पाहिलं आणि तोही शेजारी उकिडवा बसला. “दवबिंदू व्हय? पलीकडं मोठी हाय. ही उपाशी दिसतीय.”

उपाशी मेव्हणेही होते, आणि त्याचं कारण धुकं. कासला धुकं उतरलं की उजेड चारही बाजूंनी गाळून येतो, कुठेही कडक सावली पडत नाही आणि फुलांचे फोटो दिवसभर काढता येतात. नऊ वाजले, उजेड मऊ. अकरा वाजले, मऊ. साडेबाराला मेव्हण्यांनी आभाळाकडे पाहून विचारलं, “दाजी, हा आज कडक होणारच नाही का?” मी नाही म्हणालो. इतकी निराशा मी त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या मुलाचा बारावीचा निकाल लागला तेव्हाही पाहिली नव्हती.

शेवटी दोनच्या पुढे खाली उतरलो. रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक खानावळ होती: चुलीवरची भाकरी, पिठलं, कांदा, खर्डा आणि वर नाचणीचा पापड. जेवण झालं आणि पैसे द्यायची वेळ आली. माझ्याकडे पाचशेची नोट, मावशींकडे सुटे नाहीत. भिंतीवर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा कागद चिकटवलेला, त्यावर पिठाची बोटं उमटलेली. मी फोन धरला. गोल गोल फिरत राहिलं.

“इथं नाय येत रेंज,” मावशी तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “त्या जांभळीखाली जावा.”

जांभळीखाली सातजण उभे होते. सगळ्यांचे फोन उंच धरलेले. एकजण फांदीवर. पण एक अडचण होती, रेंज जांभळीखाली आणि कागद शेडमध्ये. यावर खानावळीने आपली पद्धत बसवलेली होती. मावशींचा धाकटा मुलगा त्याच कागदाची दुसरी प्रत गळ्यात अडकवून जांभळीखाली उभा होता. पैसे गेले की तो शेडच्या दिशेने ओरडायचा, “दोन भाकरी-पिठलं, आलेऽऽ!” आणि आतून उत्तर यायचं, “सोड त्यांना!” देशातल्या डिजिटल व्यवहारांवर मी बरेच लेख वाचले आहेत. ही सुटका-पद्धत त्यांत कुठे आलेली नाही.

कोल्हापूरचा विषय वेगळा. तिथे उजेड आणि खाणं दोन्हींबद्दल लोक इतके काटेकोर आहेत की बाहेरच्या हौशी माणसाने दबून राहावं. अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख. वर्षातून दोनदा, जानेवारीच्या ३१ पासून तीन दिवस आणि नोव्हेंबरच्या ९ पासून तीन दिवस, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात: पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यावर. ढग किंवा वाटेतलं बांधकाम आडवं आलं की किरणं अर्ध्यातच थांबतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बातमी येते, कुठल्या पायरीपर्यंत पोचली याच्या हिशेबासकट. सोनेरी तासाची इतकी जाहीर, तारीखवार नोंद ठेवणारं दुसरं गाव मला माहीत नाही. आणि महाराष्ट्रातला हा सर्वांत नेमका उजेड कॅमेऱ्यात धरायला मनाई आहे. गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत. मी रिकाम्या हाताने गर्दीत उभा होतो आणि तेवढाच वेळ माझ्या डोक्यात छिद्र किती ठेवायचं, शटर किती ठेवायचं याचा हिशेब चालू नव्हता. बरं वाटलं, पण हाताला चैन नव्हती. सारखा खिशाकडे जात होता.

याच गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. परदेशी कॅमेरा मिळणं दुरापास्त, तेव्हा सुटे भाग घडवून, घासून, जुळवून त्यांनी तो उभा केला, आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यांच्या आठवणीत कोल्हापुरात कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तिथे उभा राहून मी माझ्या कॅमेऱ्यातली तारीख बरोबर करायचा प्रयत्न करत होतो. माझ्या कॅमेऱ्याच्या मेन्यूत शेकड्याने पर्याय आहेत. बॅटरी पूर्ण उतरली की तारीख मागे कुठेतरी जाऊन बसते आणि ती पुन्हा लावायचा पर्याय तेव्हाच नेमका लपतो. माझे कोल्हापूरचे सगळे फोटो त्यामुळे एकाच १ जानेवारीचे आहेत, रात्री बारा वाजताचे, लख्ख उन्हात.

दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावरचा सूर्योदय आटोपून, उजेड कडक झाल्यावर, रीतसर मिसळ. उद्यमनगरात फडतऱ्यांकडे नंबर लागेपर्यंत मेव्हण्यांनी शेजारच्या टेबलांवरची ताटं पाहून अंदाज घेतला. पुण्यात नारायण पेठेतली बेडेकरांची मिसळ मी आवडीने खातो, तिच्यात गूळ असतो म्हणून कोल्हापूरकर तिला मिसळ मानत नाहीत, तो वाद मी इथे काढत नाही. मी फोटोकडे वळतो. खाली मटकी, तिच्यावर शेव-चिवडा, बारीक कांदा, कोथिंबीर. मग वाढपी वरून कट ओततो आणि तो शेवेच्या फटीफटीतून खाली उतरत जातो. कडेला तेलाची लाल रेघ धरते. बशीत लिंबाची फोड, शेजारी स्लाइस ब्रेडच्या चार चकत्या. हे सगळं फार तर दीड मिनिट टिकतं. त्यानंतर शेव मऊ पडते.

आधी भिंगावर वाफ धरली. पुसली. मग तर्रीवर ट्यूबलाइट चमकायला लागली, अख्खी, तिच्या पट्टीसकट. काचेवरची, पाण्यावरची, तेलावरची असली चमक मारायला पोलरायझर नावाचा फिल्टर असतो. तो लावला, फिरवला. चमक गेली. पण तर्रीची सगळी अब्रू त्या चमकेत होती. ती गेल्याबरोबर समोरचा पदार्थ दवाखान्यातून डब्यात आलेला वाटायला लागला. फिल्टर उलटा फिरवला. ट्यूब परत आली, तर्री परत आली. मी मधली जागा शोधत होतो.

“दाजी, शेव गेली,” मेव्हण्यांनी कळवलं. त्यांची दुसरी मिसळ चालू होती.

वाढपी बाजूला येऊन उभा राहिला. त्याने माझ्या फिल्टरकडे, माझ्याकडे आणि ताटाकडे आळीपाळीने पाहिलं. “काका, फोटू झाला का? कट गार झालाय. हे राहू द्या, मी दुसरा घालून आणतो.” फोटो काढणाऱ्यावर दया करणारी माणसं फार थोडी भेटतात. दुसऱ्या ताटाचा मी फोटो काढला नाही, त्यामुळे ती मिसळ कशी होती याचा पुरावा माझ्याकडे नाही. फार चांगली होती.

एवढ्या सगळ्यानंतर माझं वेळापत्रक ठाम झालं होतं, आणि त्याला सुरुंग लागला तो भिगवणला. या खेपेला मेव्हण्यांचा मुलगा सोबत होता. तो फोनवर फोटो काढतो आणि मोठ्या कॅमेऱ्याकडे आपण जात्याकडे पाहतो तसा पाहतो, आदराने, पण दळायला न जाता.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभर-एक किलोमीटर. भीमेवर उजनीचं धरण झालं ते १९८० मध्ये, त्याचं पाणी मागे सरत भिगवणपर्यंत पसरलं आणि त्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी यायला लागले. उजाडायच्या आत कुंभारगावला पोचायचं, नावाडी ठरवायचा, एवढंच काम. पण भाच्याने फोनमधल्या बाईंना विचारायचं ठरवलं. आपली जागा सांगायला फोनला किमान चार उपग्रह लागतात, तेही वीस हजार किलोमीटर उंचीवरचे. त्या चौघांनी मिळून आम्हाला उसात घातलं. गाडीच्या दोन्ही बाजूंनी पाती घासत होती, पुढे रस्ता दिसत नव्हता, आणि बाई म्हणाल्या, “आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात.”

समोर कंदील घेऊन एक आजोबा उभे होते. शेजारी स्टोव्हवर चहा उकळत होता.

“पक्ष्यांचं न्हवं?” ते म्हणाले. “सगळ्यांना ती बाई हितंच सोडती. चहा घ्या, मग वाट दावतो.”

चहा पंधरा रुपयांना होता, वाट फुकट. मेव्हण्यांनी दोन कप घेतले आणि त्या बाईंबद्दल पहिल्यांदाच चांगलं बोलले.

नावेत बसलो तेव्हा तांबडं फुटत होतं. रोहित पक्षी चोच उलटी करून, डोकं जवळजवळ पायाखाली घालून पाणी गाळतात. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव यांच्यातली रंगद्रव्यं पिसांत उतरतात. ते खाणं मिळालं नाही तर पक्षी पांढुरका पडत जातो. हे ऐकून मेव्हणे खूष झाले. खाण्याने माणसाला रूप येतं हे ते घरी वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. त्यांच्या बाबतीत ते रूप पुढच्या बाजूला आलेलं आहे.

नावेभोवती कुरव पक्षी घिरट्या घालायला लागले. हे मध्य आशियातल्या, लडाखकडच्या उंच सरोवरांवर वीण करतात आणि हिवाळ्याला इकडे उतरतात. एवढा प्रवास करून आलेल्या पाहुण्यांना पुढच्या नावेतल्या एका कुटुंबाने पिशवी फोडून गाठ्या फेकल्या. पाहुण्यांनी त्या हवेतल्या हवेत झेलल्या. आमचा नावाडी वैतागला. “आवं, मासं सोडून ह्यांना ह्याची सवय लागली. फरसाण खाऊन कोण जाईल का परत डोंगरावर?” मी फोटो काढले. गाठी टिपणारा कुरव, पंख पूर्ण उघडलेले, डोळ्यात उजेडाचा ठिपका. माझ्या सगळ्या फोटोंत तोच एक मला खरोखर जमलेला वाटतो. ती गाठी कुणाला दिसू नये म्हणून खोडावी का, यावर माझा अजून निर्णय नाही.

नऊ वाजले. उजेड कडक झाला. मी सवयीने भिंगाला टोपण लावलं.

“मामा, काढा की अजून,” भाचा म्हणाला.

“आता उजेड गेला.”

“उजेड डोक्यावर आहे! आणि आता गोल्डन अवर वगैरे काही नसतं. हे बघा.” त्याने फोन पुढे केला. फोन बटण दाबायच्या आधी-नंतर भराभर कितीतरी फोटो काढतो, काही काळोखे, काही उजळ, आणि त्यांतलं चांगलं तेवढं उचलून एक फोटो बनवतो. सावल्या उघडल्या होत्या, आभाळ निळं होतं, पक्षी गुलाबी होते. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा शंभर गुणिले शंभर ठिपक्यांचा एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागायचे. तेवीस सेकंदांत आमच्या खानावळीत रस्सा येतो. आता एका सेकंदाच्या तुकड्यात हा प्रकार. कौतुक वाटलंच. पण त्याच्या मागून जे येणार होतं ते मेव्हण्यांनी माझ्याआधी ओळखलं.

“म्हणजे दुपारीसुद्धा फोटो चांगले येणार?” त्यांनी विचारलं.

“येणारच ना बाबा. दिवसभर काढायचे. रात्रीसुद्धा येतात.”

“दिवसभर,” मेव्हणे हळूच म्हणाले. “मग जेवायचं कधी?”

भाच्याकडे याचं उत्तर नव्हतं. त्याच्या पिढीने या प्रश्नाचा विचारच केलेला नाही. ती मंडळी फोटो काढता काढता खातात. जेवणाचाही फोनने फोटो घेतला की फोनला आपोआप कळतं की हे जेवण आहे, आणि तो रंग जरा लालसर करतो. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की दुपारच्या उन्हात न काढलेला फोटो हाही एक निर्णय असतो. तो नम्रपणे ऐकत होता आणि नाव काठाला लागेपर्यंत ऐकता ऐकता काढत होता. पळसदेवाच्या बुडालेल्या देवळाबद्दल नावाडी सांगत होता, पाणी ओसरलं की उन्हाळ्यात ते वर येतं म्हणून. भाच्याने लगेच विचारलं, “तेव्हा दुपारी किती वाजता पोचायचं?” त्याला उन्हाळ्यात, दुपारी, उघड्या नदीपात्रात देऊळ काढायचं होतं. मेव्हण्यांनी पाण्याकडे तोंड फिरवलं.

काठावरच्या खानावळीत चिलापीची थाळी. तळलेला तुकडा, रस्सा, ज्वारीची भाकरी, भात, आणि मासा न खाणाऱ्यांसाठी शेवगा. आम्ही बसलो न बसलो तोच भाचा ओरडला. फोनची बॅटरी दोन टक्क्यांवर आली होती. पहाटेपासून दर क्षणाला दहा-दहा फोटो जुळवून फोन दमला होता. बाहेर उन्हात अजून पक्षी होते. तो चार्जर घेऊन आत धावला, मी मागोमाग. माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी अर्धीही उतरलेली नव्हती, हे सांगायचा मोह मी आवरला. पूर्ण आवरला नाही.

स्वयंपाकघरात भिंतीवर एकच पॉइंट होता. त्यात मिक्सरची पिन. भांड्यात ओलं खोबरं, लसूण, कोथिंबीर, भाजलेला कांदा अर्धवट फिरलेला, झाकणावर मालकीणबाईंचा हात.

“काकू, पाच मिनिटं चार्जर लावू का? फक्त पाच.”

त्यांनी मिक्सर थांबवला. “लाव की बाळा. पण हे वाटण रश्श्याचं हाय. ह्ये राहिलं तर रस्सा राहील. बाहेर इचार जरा.”

बाहेर विचारायची गरज पडली नाही. दारातून मेव्हण्यांचा आवाज आला, आणि तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उजेडावर दिलेला निकाल होता.

“वाटण होऊ द्या, वहिनी. ऊन कुठं पळून जातंय?”